सरकारी दवाखान्यांमुळे डॉक्टर पळतात म्हणे!

सध्या नागपुरातल्या ग्रुप-ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला. सरकारनं दवाखाने चालवले, फुकट उपचार दिले की डॉक्टरची किंमत जाते, म्हणून आपली हुशार पोरं टॅक्सच्या पैशानं शिकून परदेशात पळतात, क्युबातही हेच झालं, सगळं प्रायव्हेट करा मग बघा कसे थांबतात. डॉक्टर लोकंही डोळे मिटून पुढं पाठवून राहिले!

पहिले हे सांगा, पळतात तर जातात कुठं? प्लॅब, म्हणजे तिकडं डॉक्टरकी करायची परीक्षा देऊन इंग्लंडला जाणारा बहुतेक एनएचएस, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतच लागतो न भाऊ. 1948 पासून टॅक्सच्या पैशावर चालते ती, पेशंटला हॉस्पिटलात बिलच नाही. धंतोलीतल्या प्रायव्हेट हॉस्पिटलचा राजीनामा देऊन माणूस तिकडच्या सरकारी पगारावर जातो अन् आपण म्हणतो सरकारला कंटाळून गेला.

"अमेरिकेत सगळं प्रायव्हेट आहे." हॉस्पिटलं बहुतेक सरकारी नाहीत, कबूल. पण ज्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे हॉस्पिटलातल्या ट्रेनिंगसाठी, पोरं युएसएमएलई या तिकडच्या परीक्षेची पुस्तकं घोकतात, तिच्या खर्चाचा मोठा वाटा मेडिकेअर ही सरकारी विमा योजना, म्हणजे तिथलं केंद्र सरकारच उचलतं. खरी गंमत पुढं आहे. जे-1 या ट्रेनिंगच्या व्हिसावर गेलेल्याला ट्रेनिंग संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायचा नियम लागतो, तो माफ करून घ्यायला कॉनराड 30 नावाची सोय आहे, डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी करा, राज्यामागे वर्षाला 30 जागा, अन् त्यासाठी रांग लागते. इथं गडचिरोलीचा एक वर्षाचा बॉन्ड, म्हणजे शिकून झाल्यावरची सक्तीची सरकारी नोकरी म्हटलं की तोंड वाकडं होते, तिकडं तीन वर्षं चालतात. काहून? तिथं पगार महिन्याच्या महिन्याला येतो, हाताखाली नर्स असते, अन् अंगावर धावून आलेल्या नातेवाईकासमोर एकट्यानं उभं राहावं लागत नाही. आपल्याकडं रात्रीच्या कॅज्युअल्टीत रेसिडेंट पोरगी एकाला टाके घालून राहिली असते, दुसरा स्ट्रेचरवर, औषध संपलेलं, चिठ्ठी बाहेरच्या दुकानाची, अन् शिव्या तिलाच. स्टायपेंड अडकलं की मार्डला, म्हणजे रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेला, संपाची नोटीस द्यावी लागते तेव्हा फाईल हलते. हा सरकारनं खर्च न केल्याचा परिणाम आहे, जास्त केल्याचा नाही.

आता "प्रायव्हेट करा, थांबतील". अरे, होतंच की प्रायव्हेट! सरकारच्याच हिशोबात 2013-14 मधे आरोग्यावरच्या 100 रुपयांतले 64 रुपये लोकांच्या खिशातून जात होते, 2021-22 मधे 39. मेसेज खरा असता तर 2013 मधे एकही डॉक्टर विमानात बसला नसता.

क्युबाचं उदाहरण मात्र खरं आहे, 1959 च्या क्रांतीनंतर जवळपास निम्मे डॉक्टर निघून गेले. पण तिथं खासगी प्रॅक्टिसच संपवत नेली होती. इंग्लंडनं 1948 मधे कन्सल्टंटला, म्हणजे मोठ्या स्पेशालिस्टला, प्रायव्हेट पेशंट बघायची मुभा ठेवली, अन् आपल्याकडं मेयो, मेडिकल, 2018 पासून एम्स, ही सगळी सरकारी हॉस्पिटलं असून रामदासपेठेत प्रायव्हेट हॉस्पिटलांची पाटी दर दहा पावलांवर आहे. कोणी बंद केली?

इंग्लंडचे ज्युनियर डॉक्टरही 2023 पासून पगारासाठी संपावर गेलेत, बरेच ऑस्ट्रेलियाला जातात. ऑस्ट्रेलियातही 1984 पासून मेडिकेअर याच नावाची, पण सगळ्यांसाठीची सरकारी विमा योजना आहे बरं.

राहिलं "टॅक्सच्या पैशानं शिकून पळतात". प्रायव्हेट कॉलेजात बापानं प्लॉट विकून भरलेल्या फीवर शिकलेलेही त्याच विमानात असतात, त्यांना सरकारनं काय फुकट दिलं होतं?