रूट बंद आहे

अंधेरीच्या ऑफिसात सर्व्हरवर लिनक्स टाकलं, रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, पासवर्ड दोनदा टाईप केला, वेगळा युजर बनवायचा कंटाळा केला, मॉनिटर-कीबोर्ड स्टोअरला परत दिले आणि म्हटलं बाकीचं घरून करू. शनिवार संध्याकाळ, मेट्रोने घाटकोपर, तिथून कल्याण स्लो, चक्क बसायला जागा. फोनवरून एसएसएच केलं, म्हणजे लांबूनच सर्व्हरमध्ये शिरायला गेलो, तर परमिशन डिनाइड. परत तेच. तीनदा पासवर्ड विचारतो आणि हाकलतो. भांडुप येईस्तोवर स्वतःच्या डोक्यावरचाच विश्वास उडाला, म्हणून मित्राला फोन लावला.

"अरे, रूटला आत घेतच नाहीये रे."

शेजारच्या काकांनी मान वळवली. मांडीवर पिशवी, पिशवीत मेथी. "कुठला रूट?"

"नाही काका, ऑफिसचं आहे."

"बंदच केला असणार. हल्ली विचारतो कोण आपल्याला!"

मी फोनवर, "पासवर्ड बरोबर आहे रे, शंभर टक्के."

"पास असून चढू देत नाहीत?" मेथी खाली गेली. "नंबर काय?"

"बावीस," मी म्हटलं, पण ते मित्राला, त्याने सर्व्हरचा पोर्ट नंबर विचारला होता.

"बावीस! कंडक्टरचा बिल्ला नंबर घेतलास का?"

समोरचा एक जण लगेच सामील, त्यांच्या स्टॉपवर म्हणे पाऊण पाऊण तास काही येत नाही. एव्हाना मित्र सांगत होता की रूटला आता पासवर्ड चालत नाही, ओळख पटवणारी फाईल, म्हणजे की लागते. "की लागते?" मी ओरडलोच.

"किल्ली?" काका हादरले. "म्हणजे बस पण आपणच चालवायची?"

हे २०१५ पासून आहे म्हणे, एसएसएचचा प्रोग्रॅम ओपनएसएसएच, त्याचं ७.० आलं तेव्हापासून रूटला पासवर्डने प्रवेश नाही हाच डिफॉल्ट. कारण पटतं, रूट हे नाव सगळ्या जगाला पाठ, बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, दिवसरात्र नुसता पासवर्डच ओळखत बसतात. इन्स्टॉलरमध्येही पासवर्डच्या खालीच परवानगीचा टिकमार्क होता, तो मी बघितला नाही, ठीक आहे, चूक माझी. पण पासवर्ड चुकला तरी तेच वाक्य आणि दारच बंद असलं तरी तेच? चोराला सुगावा लागू नये म्हणून. आणि मी वीस वेळा टाईप करत बसलो त्याचं काय?

ठाण्याला उतरलो, उलटी गाडी पकडायला. खिडकीतून काका, "डेपो मॅनेजरला लेखी दे! लेखी!"

ऑफिसला पोचलो तर स्टोअरला कुलूप. किल्ली ज्याच्याकडे, तो विरारला.