आयव्हीखालचं चर्च

इंग्लंडला येणारे आपले पाहुणे कॉट्सवोल्ड्सच्या खेड्यांमध्ये, सगळे जिला आयव्ही म्हणतात त्या वेलीने मढलेल्या एखाद्या दगडी घरापुढे उभे राहून फोटो काढतातच. मीही काढलेत, घरी पाठवलेत. पण इथे राहायला लागून काही वर्षं झाली आणि आता अशी वेल दिसली की मी आधी जवळ जाऊन भिंत बघते.

घर शरदात लालभडक झालं, तर ती वेल खरी आयव्ही नव्हेच, बहुतेक व्हर्जिनिया क्रीपर असते. इंग्लिश आयव्ही बारा महिने हिरवी. तिचा वाळका दांडा हातात घेऊन उलटा करून बघा. गोमेच्या पायांसारख्या बारीक, तपकिरी मुळ्यांची दाट रांग दिसेल. त्यांच्या जोरावर ती चर्चच्या मनोऱ्यावर चढते.

तिला सरसकट दोष देणं मला पटत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाने इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेसाठी केलेल्या अभ्यासात दिसलं की धडधाकट भिंतीवर आयव्ही पांघरुणाचं काम करते. ऊन आणि थंडी दोन्हींची धार कमी होते, रस्त्याची धूळ पानांवरच अडते. शरदात बाकीचा बहर सरलेला असताना मधमाश्यांना मध मिळतो तो तिच्याच फुलांत. घात होतो तो भिंतीला आधीच तडे असतील तेव्हा. दांडा फटीत शिरतो, आत जाडजूड होतो आणि दगड सरकवतो. वसईच्या किल्ल्यात पडक्या चर्चच्या भिंतींत शिरलेली वडा-पिंपळाची मुळं ज्यांनी पाहिलीत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. अशी वेल ओरबाडून काढली तर दगडांच्या सांध्यांत भरलेला चुनाही तिच्याबरोबर निघून येतो. म्हणून जाणकार ती बुंध्याशी कापतात, वाळू देतात, मग हलक्या हाताने सोडवतात.

म्हणजे सगळा प्रश्न देखभालीचा. इंग्रज कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने 1877 साली जुन्या वास्तू वाचवायला संस्था काढली, तेव्हा त्याचं मागणं हेच होतं: जीर्णोद्धाराच्या नावाखाली खरवडून नवं करू नका, रोजच्या देखभालीने पडझड थोपवा. इतकी साधी गोष्ट, पण ती रोज करायला माणूस लागतो.

पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये स्वाफमजवळ हॉटन-ऑन-द-हिल नावाचं गाव होतं. गाव उठलं, मागे चर्च राहिलं. 1992 साली ग्लोरिया डेव्ही फिरायला गेल्या असताना त्यांना ते दिसलं. छप्पर गेलेलं, मनोरा आयव्हीत बुडालेला. त्यांचे पती बॉब यांनी साठी ओलांडलेली होती. त्यांनी ते चर्च मनावर घेतलं आणि वर्षानुवर्षं तिथे राबले. वेल निघाली, भिंती सावरल्या, छप्पर आलं. आणि आत गिलाव्याखाली सापडली अकराव्या शतकाच्या अखेरची मानली जाणारी भित्तिचित्रं, इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी.

छप्पर नसताना इतका पाऊस खाऊनही ती टिकली, हे मला अजून खरं वाटत नाही. बॉब डेव्ही 2021 मध्ये गेले. आता घरी पाहुणे आले की मी त्यांना कॉट्सवोल्ड्सच्या आधी नॉरफोकला नेणार आहे.