पाच हेक्टरच्या आतली गिरणा

पुन्हा तेच! वाळूगटांची, म्हणजे वाळू उपशासाठी द्यायच्या नदीपात्रातल्या तुकड्यांची, यादी लागली आणि गिरणा नदीच्या पात्रातले आमच्याकडचे सगळे गट पाच हेक्टरच्या आत. पर्यावरण मंजुरीचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या 2006 च्या अधिसूचनेत 2016 साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार एवढा छोटा, सुटा गट ‘ब-2’ वर्गात जातो. म्हणजे पर्यावरण आघात अहवाल नाही, जनसुनावणी नाही. अहो, पण नदी सुटी आहे का? दोन गटांच्या हद्दींत 500 मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर त्यांचं क्षेत्र एकत्र धरायचं, हेही त्याच दुरुस्तीत आहे. ते अंतर मोजतंय कोण? गेल्या वर्षी मी आणि चुलतभाऊ टेप घेऊन पात्रात उतरलो. 340 मीटर भरलं. अर्ज दिला, पोच मिळाली. उत्तर आजतागायत नाही.

काठावरच्या आमच्या विहिरीवर पूर्वी चैत्रापर्यंत मोटर चालायची. आता माघातच पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो आणि निसवलेली, घड आलेली केळी डोळ्यांदेखत माना टाकते. पाणी धरून ठेवते ती वाळूच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. अहवाल लागतो की नाही हे नदीत उतरून ठरवा ना! नुसता क्षेत्रफळाचा आकडा काय बघता?