लिंचच्या कृष्णवर्णीय कामगारांबद्दलही लिहायला हवं होतं

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लिंच या कोळसा खाणीच्या गावावरचा तुमचा लेख वाचला. कंपनीने बांधलेली घरं, दवाखाना, शाळा यांचं कौतुक पटलं. पण ही सोय कोणाच्या हाती होती, हे राहून गेलं. 1917 मध्ये यू. एस. स्टील या पोलाद कंपनीच्या उपकंपनीने डोंगरात हे गाव वसवलं. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं. पगाराआधी उचल हवी असेल तर मिळायची कंपनीची नाणी, ती चालायची फक्त तिच्याच दुकानात. नोकरी गेली की छप्परही गेलं. मग कामगार संघटनेचं नाव कोण काढणार?

आणि अलाबामासारख्या दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेले कृष्णवर्णीय कामगार? खाणीत काम बरोबरीने, खाणीबाहेर मात्र वस्ती वेगळी, शाळा वेगळी. लेखात त्यांच्यावर एक ओळ नाही, याचं फार वाईट वाटलं. खाणकाम आटल्यावर ही कुटुंबं डेट्रॉईट, क्लीव्हलंड, शिकागोकडे पांगली. तरी ईस्टर्न केंटकी सोशल क्लब या त्यांच्या मंडळाच्या निमित्ताने त्यांची मुलं-नातवंडं दरवर्षी भेटत आली आहेत. लिंचमध्ये एके काळी दहा हजारांच्या आसपास वस्ती होती, 2020 च्या जनगणनेत सातशेहूनही कमी. पोर्टल 31 ही खाण आता पर्यटकांना दाखवतात. पुढचा भाग लिहिणार असाल तर या कुटुंबांपासून सुरुवात करा, ही मनापासून विनंती.