लॅसोतून उरलं म्हणजे महत्त्वाचं ठरलं?

डेटा सायन्स शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: ‘कॉलम हजारो असले तरी घाबरू नका. लॅसो चालवा. गुणांक शून्य झाला तो कचरा, उरले ते महत्त्वाचे घटक. त्यांच्यावर साधं रिग्रेशन लावा, पी-व्हॅल्यू बघा, रिपोर्ट तयार.’ (लॅसो म्हणजे रिग्रेशनचा, कॉलमांवरून एखाद्या आकड्याचा अंदाज बांधण्याचा, एक प्रकार. गुणांक म्हणजे त्या अंदाजात कॉलमला मिळालेलं वजन. लॅसो या वजनांवर दंड लावतो आणि बरीचशी थेट शून्य करतो. पी-व्हॅल्यू म्हणजे खरा संबंध नसताना निव्वळ योगायोगानं एवढा संबंध दिसण्याची शक्यता.) या सल्ल्यातलं ‘लॅसो चालवा’ एवढंच मला मान्य आहे.

‘शून्य झाला तो कचरा.’ रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचा, प्रसिद्ध डेटा घ्या. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे 71 नमुने आणि 4088 जनुकं; प्रत्येक जनुक एक कॉलम, आणि त्यांवरून रायबोफ्लेविन किती बनतं त्याचा अंदाज बांधायचा. नमुने जितके, त्याहून जास्त कॉलम लॅसो ठेवूच शकत नाही. म्हणजे खरोखर 200 जनुकांचा हात असला, तरी सव्वाशेहून जास्त जनुकं बाहेर बसणारच. त्यात जनुकं टोळीनं काम करतात. एकमेकांशी घट्ट सहसंबंध असलेल्या पाचांतलं एखादं लॅसो ठेवतो, बाकीच्यांना घरी पाठवतो. दोन ओळी, म्हणजे दोन नमुने, वगळून बघा, कदाचित घरी गेलेला परत येईल आणि आत असलेला जाईल. झोउ आणि हेस्टी यांनी 2005 मध्ये इलॅस्टिक नेट, म्हणजे लॅसोचं सुधारलेलं रूप, आणलं, त्यामागे ही अडचण होतीच.

‘उरले ते महत्त्वाचे.’ खरी गोम इथं आहे. लॅम्डा, म्हणजे दंड किती कडक तो आकडा, आपण क्रॉस-व्हॅलिडेशननं (डेटाचा एकेक तुकडा बाजूला ठेवून त्यावर अंदाज तपासून) निवडतो, आणि ते बघतं अंदाज किती बरोबर येतो ते. लॅसोचा दंड खऱ्या घटकांचे गुणांकही आक्रसून टाकतो. ते फार आक्रसले की अंदाज बिघडतो, म्हणून लॅम्डा कमी ठेवावा लागतो आणि त्या फटीतून फालतू कॉलमही आत शिरतात. अंदाजासाठी उत्तम लॅम्डा निवडीसाठी उत्तम नसतो, हे माइन्सहाउझेन आणि ब्युलमान यांनी 2006 मध्येच दाखवलं. झाओ आणि यू यांनी त्याच वर्षी आणखी एक गोष्ट दाखवली: फालतू कॉलमचं खऱ्या कॉलमांशी फारच सूत जुळलेलं असेल, तर डेटा कितीही वाढवा, निवड सुधारेलच असं नाही.

पटत नसेल तर सीड (क्रॉस-व्हॅलिडेशनचे रँडम तुकडे ठरवणारा आकडा) बदलून पुन्हा चालवा आणि दोन याद्या शेजारी ठेवा. याहून नीट करायचं तर स्टॅबिलिटी सिलेक्शन आहे: अर्धे नमुने पुन्हा पुन्हा उचलायचे आणि कोणता कॉलम किती वेळा निवडला जातो ते मोजायचं. रायबोफ्लेविनच्या 4088 पैकी या चाळणीत तीन जनुकं टिकली.

(कॉलम एका मापावर आणायचंही हा सल्ला विसरतो. पाऊस मिलिमीटरऐवजी मीटरमध्ये भरला की त्याच्यावरचा दंड वाढतो. आर भाषेतलं जीएलएमनेट पॅकेज हे आपणहून सांभाळतं, पायथनमधल्या सायकिट-लर्नचा लॅसो नाही.)

‘साधं रिग्रेशन लावा, पी-व्हॅल्यू बघा.’ संख्याशास्त्रज्ञ फ्रीडमन यांनी 1983 मध्ये निव्वळ रँडम आकड्यांच्या 100 ओळी आणि 50 कॉलम घेतले. पहिल्या फेरीत बरे दिसलेले 15 कॉलम ठेवून त्यांनी पुन्हा रिग्रेशन केलं, तर त्यातले 6 कॉलम 5 टक्के पातळीवर ‘सिग्निफिकंट’, म्हणजे पी-व्हॅल्यू 5 टक्क्यांहून कमी! ज्या डेटावर उमेदवार निवडले, त्याच डेटावर त्यांची परीक्षा घेतली तर पेपर फुटलेलाच असतो. 50 ओळींना 5000 रँडम कॉलम जोडा, ज्याचा अंदाज बांधायचा त्या आकड्याशी सगळ्यात जवळच्या कॉलमचा सहसंबंध 0.5 च्या आसपास सहज जातो.

पी-व्हॅल्यू हवीच असेल तर अर्ध्या नमुन्यांवर निवड करा आणि उरलेल्या अर्ध्यांवर तपासा. यादी फार छोटी होईल, साहेब विचारतील, ‘एवढंच?’ हो, 71 नमुन्यांत एवढंच.