मोटार रॅलीचं स्टिकर लावलं की ई-चलान माफ? नाही!

‘गाडीवर रॅलीचा क्रमांक आणि स्टिकर असेल तर वेगाचं चलान आपोआप रद्द होतं, आयोजकांनी परवानगी घेतलेलीच असते,’ असा संदेश सध्या ग्रुपांवर फिरतोय. तो खोटा आहे.

कॅमेरा स्टिकर वाचत नाही, नंबरप्लेट वाचतो. चलान निघतं ते नोंदणीकृत मालकाच्या नावावर. मित्राची गाडी मागून नेली असेल तर भुर्दंड त्याला, हे तरी लक्षात घ्या! मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 नुसार हलक्या वाहनाला अतिवेगाबद्दल 1,000 ते 2,000 रुपये दंड आहे, आणि त्यात रॅलीला सूट नाही. उलट राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं हा कलम 189 खाली वेगळा गुन्हा आहे. त्यात कैदही होऊ शकते.

मुळात टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणजे वेळ-वेग-अंतर) रॅलीत सर्वांत वेगवान गाडी जिंकतच नाही. दिलेला सरासरी वेग राखायचा असतो. चेकपॉइंटला लवकर पोचलात तरी गुण जातात. डाकारसारख्या जगप्रसिद्ध लांब पल्ल्याच्या रॅलीतही दोन टप्प्यांमधल्या सार्वजनिक रस्त्यावर स्थानिक वेगमर्यादा पाळावी लागते, आणि ती मोडली तर आयोजकच दंड ठोठावतात.

चलान चुकीचं वाटलं तर वाहतूक पोलिसांच्या ऑनलाइन सेवेवर तक्रार करा. स्टिकरचा फोटो जोडून उपयोग नाही.