शनवार तेली आणि सॅन फ्रान्सिस्कोचा मॉइशे

गेले आठ दिवस मॉइशे रोझेनबद्दल वाचतोय, ज्यूज फॉर जीझस ही ज्यूंना येशूकडे वळवणारी संघटना काढणारा माणूस, आणि अजून ठरत नाहीये की हा मला आवडतो की याचा राग येतो, म्हणून इथे लिहून बघतो.

जन्म १९३२, कॅन्सस सिटी, ज्यू घर, तेव्हा नाव मार्टिन. १९५३ मध्ये आधी बायको सील येशूला मानायला लागली, हा तिला खोटं पाडायला वाचायला बसला आणि थोड्याच दिवसांत स्वतःच तिकडे गेला (बायकोशी वाद घालायचा तर जपून, हे अमेरिकेतही लागू आहे). मग बॅप्टिस्ट पाळक झाला, ज्यूंमध्ये काम करणाऱ्या एका जुन्या मिशनची नोकरी, सगळं रीतसर. १९७० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आला तर तिथे हिप्पी लोकांचा बाजार भरलेला, आणि या चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने सूट उतरवून जीन्स चढवली नि थेट रस्त्यावर. हाताने काढलेली गमतीदार पत्रकं, पथनाट्य, गाणी. १९७३ मध्ये जी संस्था काढली तिचं नाव खरं तर हिनेनी, म्हणजे हिब्रूत 'हा मी इथे आहे', पण लोकांच्या तोंडी 'ज्यूज फॉर जीझस' ही घोषणाच बसली.

संस्थेचे लोक चिवट तर इतके की लॉस एंजेलिसच्या विमानतळावर पत्रकं वाटायला बंदी केली तर कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने ती बंदी उडवली, कारण नियम असा लिहिला होता की नुसतं बोलणं आणि वाचणंसुद्धा त्यात गुन्हा ठरलं असतं. इथपर्यंत मी पूर्ण त्याच्या बाजूने.

राग येतो तो पुढे. नवरा-बायकोने १९७८ मध्ये पुस्तक लिहिलं की पासओव्हरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याच्या ज्यू सणात मुळात ख्रिस्तच आहे. आता तुमच्या घरी येऊन, तुमच्याच ताटाकडे बोट दाखवून, तुमच्या सणाचा अर्थ तुम्हालाच कळला नाही असं कोणी सांगितलं तर? आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांना युरोपात याच येशूच्या नावाने हाकललं, बाटवलं, मारलं, त्यांना हे विनोदी पत्रकातून सांगायचं! मला नाही झेपत.

पण तो मरेपर्यंत म्हणत राहिला की मी ज्यूच आहे. समाज म्हणाला, नाहीस. इस्रायलच्या कोर्टानेही १९८९ मध्ये येशूला मानणाऱ्या ज्यूंना 'तुमचा धर्म वेगळा' असंच सांगितलं.

इथे मला आपले बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, आठवतात. कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. मुंबईत मिशनरी जॉन विल्सनसाहेबांनी त्यांच्यासाठी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, यांनी हिब्रू शिकून घेतलं आणि बाप्तिस्मा मात्र अगदी मोजक्यांनीच घेतला, बाकीचे उलट जास्त पक्के ज्यू झाले. आणि एवढं टिकवून इस्रायलला गेले तर तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी वंशावळ मागितली! आंदोलनं झाली, १९६४ मध्ये संसदेला जाहीर करावं लागलं की हे पूर्ण ज्यू आहेत. म्हणजे रोझेनकडे कागद होते पण येशू नडला, आणि यांच्याकडे शनिवार होता तर कागद नडले.

रोझेन २०१० मध्ये गेला. मागे ज्यू लोकांसाठी एक पत्र ठेवून गेला, मेल्यावर छापायचं म्हणून. त्यातही तेच, आजच्या ज्यू धर्मात तारण नाही.